लेडीज बसमधली डबी

मी माझ्या आईविरुद्ध पत्रक काढलं होतं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझं काही चांगलं दिसलं तर वाचणाऱ्यानं फार भुलून जाऊ नये. पत्रकात आईचं नाव नव्हतं, पण टाउनशिपमध्ये नावाची गरज कुणाला असते? एका रांगेतल्या क्वार्टरात कुकरची शिट्टी झाली तर दुसऱ्या रांगेतल्या बाईला कळायचं की आज देशपांड्यांकडे उशीर झाला. भोपाळच्या त्या कारखान्याच्या वसाहतीत आमचं सगळं आयुष्य भोंग्यावर चालायचं. पहिल्या भोंग्याला बाबांची दाढी, दुसऱ्याला आईचे डबे, तिसऱ्याला दोघं आपापल्या बसमध्ये. बाबा नकाशे काढायच्या विभागात होते, आई वाइंडिंग शॉपमध्ये, म्हणजे मोठ्या यंत्रांच्या तांब्याच्या सळयांवर टेप गुंडाळायच्या विभागात. रविवारी भोंगा नसायचा, म्हणून रविवारी आम्ही सगळे थोडे हरवल्यासारखे असायचो. मग बाबा पिपलानीच्या बाजारातून शेव आणि जलेबी आणायचे आणि आई पोहे करायची. जलेबी पोह्यांबरोबर खायची हे साताऱ्याच्या आजीला कधी पटलं नाही. "तिकडे जाऊन जिभा बाटवून घेतल्यात," असं तिनं पत्रात लिहिलं होतं.

जीभ आमची खरंच बाटली होती. मी बोलायला लागले की मराठीत निघायचे आणि हिंदीत पोचायचे. "आई, मला कॉपी भेटली नाही, खतम झाली," असं म्हटलं की आई पोळी लाटता लाटता म्हणायची, "वही मिळाली नाही, संपली. घरात तरी मराठी बोल गं बाई." तिचं स्वतःचं मराठी असं की इस्त्री करून ठेवल्यासारखं. पण ती बोलायची कमी आणि हसायची त्याहून कमी. हसू आलंच तर तोंडावर हात ठेवायची. तो मला तिचा लाजरेपणा वाटायचा. मी एकोणीस वर्षांची होते आणि लाजणाऱ्या बायकांवर माझा राग होता.

खरं कारण समोर होतं, मी बघत नव्हते. तिचे ओठ फुटलेले असायचे. भोपाळचा हिवाळा कोरडा, उन्हाळा त्याहून कोरडा, पण तेवढ्यानं कुणाचे ओठ बारा महिने उभे चिरत नाहीत. ती लोणचं पोळीत अगदी आत गुंडाळून खायची, मिठाचा खडा ओठाला लागू नये म्हणून. चहा बशीत ओतून गार करायची. सकाळी साय लावायची, रात्री तूप. मी हे सगळं रोज बघितलं आणि मला वाटलं, आयांचं असंच असतं.

आता माझं. कॉलेजातल्या आम्ही पाच मुलींनी एक गट केला होता आणि जवाहर चौकाजवळच्या एका खोलीत आमचं सायक्लोस्टाइल मशीन होतं. हॅंडल फिरवलं की एकेक पत्रक ओलं ओलं बाहेर पडायचं. तो शाईचा वास मला कुठल्याही अत्तराहून प्रिय होता. हुंड्यावर, बसमधल्या छेडछाडीवर, रेशनच्या रांगेवर मी लिहायचे. प्रत्येक परिच्छेदाची सुरुवात "बहिणींनो!" अशी आणि शेवट तीन उद्गारचिन्हांचा. टाउनशिपच्या मराठी मंडळासाठी मराठीत, बाकी सगळ्यांसाठी हिंदीत. मी खोटं कधी लिहिलं नाही, हे आजही छातीवर हात ठेवून सांगेन. विचारल्याशिवाय मात्र पुष्कळ लिहिलं.

त्या हिवाळ्यात वाइंडिंग शॉपच्या बायकांनी पाळणाघराची मागणी करायचं ठरवलं. ज्यांची मुलं लहान होती त्या कुणी शेजारणीकडे, कुणी मोठ्या मुलीची शाळा बुडवून पोरं सोडून येत होत्या. मोठे साहेब कॅंटीनच्या हॉलमध्ये येऊन कामगारांचं ऐकणार होते आणि बायकांच्या वतीनं बोलायला सगळ्यांनी माझ्या आईला निवडलं. का, तर तिचं काम सर्वांत नीट आणि ती वायफळ बोलत नाही. मला इतका अभिमान वाटला की मी लगेच तिचं भाषण लिहायला बसले. चार पानं झाली. ते दाखवायची घाई म्हणून मी संध्याकाळी बस स्टॉपवर जाऊन उभी राहिले.

लेडीज बस आली. एकेक बाई उतरू लागली. खाकी कोट पिशवीत कोंबलेले, केसांत कापसाची तुसं, अंगाला वॉर्निशचा उग्र वास, आणि सगळ्यांचे ओठ गुलाबी! दाक्षायणी अम्मांचे, शकुन मावशीचे, सगळ्यांचे. सगळ्यात शेवटी आई उतरली. तिचेही.

मी तिला काही विचारलं नाही. घरी आल्यावर तिच्या डब्याची पिशवी चाचपली, तेव्हा पोळीच्या फडक्याखाली बोटाएवढी नळी सापडली. गुलाबी. मला वाटलं, हे काय! दिवसभर मशीनवर राबायचं आणि बाहेर पडताना ओठ रंगवायचे? कुणासाठी? ज्या बाईनं साहेबासमोर उभं राहून हक्क मागायचा, तिनं? मी तडक मशीनवर गेले. पत्रकाचं नाव होतं 'रंगलेले ओठ काय मागणार?' त्यातलं एक वाक्य मला आजही पाठ आहे, शिक्षा म्हणून पाठ आहे: "माझ्याच घरातली एक कामगार स्त्री डब्याच्या पिशवीत बाजाराची गुलामी लपवून आणते!!!" दुसऱ्या दिवशी भोंग्याच्या आधी मी ती पत्रकं लेडीज बसच्या दारात उभं राहून वाटली. आईची त्या दिवशी रजा होती, म्हणून ती बसमध्ये नव्हती. तिला ते शेजारणीनं आणून दिलं.

आईनं ते ओट्याशी उभं राहून वाचलं. दोन्ही बाजू वाचल्या, हिंदीसुद्धा. मी वाद घालायला कंबर कसून बसले होते. ती म्हणाली, "मागच्या बाजूला शाई पुसट आलीय." मग पिशवीतून ती नळी काढली, भाजीच्या सालींबरोबर कचऱ्याच्या डब्यात टाकली आणि वरण ढवळायला लागली. जेवताना बाबा एवढंच म्हणाले, "नीला, तू आज बाहेर ओसरीत बसून जेव." बाबांनी मला आयुष्यात केलेली तेवढी एकच शिक्षा.

दुसऱ्या दिवशी आईनं बायकांना सांगितलं की साहेबांसमोर ती बोलणार नाही. दुसरं कुणी बोला.

शकुन मावशी आमच्या मागच्या क्वार्टरात राहायची. मूळची विदिशाची, आईच्या शेजारच्या स्टूलवर काम करायची, आणि तिला मराठी सगळं कळायचं पण बोलायची हिंदीतच. त्या संध्याकाळी आई बाजारात गेलेली असताना ती आली, चपला दारात उडवल्या आणि दारातूनच म्हणाली, "कहाँ है नेता जी?"

मी पुस्तकामागून डोकं वर काढलं.

"इधर आ. लाटणं ला." तेवढा एक शब्द ती मराठीत म्हणाली. आईच्या शिवणाच्या डब्यातून तिनं पांढऱ्या नाडीचे तुकडे काढले. "इसको ताँबे की छड़ समझ. इस पे टेप लपेटनी है. हर फेरा पिछले फेरे को आधा ढके. आधा मतलब आधा. एक हाथ से छड़ घुमा, एक हाथ से टेप खींच. चल."

मी सुरू केलं. चार वेढे झाले आणि तुकडा संपला. पुढची नाडी जोडायची तर तिचं टोक धरायला हात कुठे होता?

"अब?" शकुन मावशी म्हणाली. "तेरी अम्मा क्या करती होगी?"

मी इकडेतिकडे बघितलं. मग मला कळलं, आणि कळल्याचं तिलाही दिसलं. "पकड़," ती म्हणाली. मी नाडीचं टोक ओठांत धरलं. लाटणं पूर्ण गुंडाळेपर्यंत तिनं मला सोडलं नाही. कोरड्या सुतानं ओठांतला सगळा ओलावा टिपून घेतला. टोक सोडवताना ओठाची बारीक साल त्याच्याबरोबर आली. "ये एक हुआ," मावशी म्हणाली. "हम दिन भर करते हैं. और हाथ-मुँह पे कुछ चिकना लगा नहीं सकते, टेप पे दाग आया तो पूरा काम खोलो. इसलिए छुट्टी के बाद बस में लगाते हैं. एक ही नली, तेरी अम्मा की. पीछे से आगे सब के हाथ घूमती थी. लिपस्टिक नहीं है वो, पागल. ओंठ की दवा है, जरा सा रंग है बस."

"मग रंग कशाला? नुसतं औषध लावा ना," मी म्हटलं. म्हणजे बघा, तेव्हासुद्धा.

"वो अपनी अम्मा से पूछना. हिम्मत हो तो." तिनं चपला घातल्या. "आज बस में किसी ने कुछ नहीं लगाया. सब ऐसे बैठी थीं जैसे मय्यत में जा रही हों. और तेरी अम्मा का ओंठ फिर फट गया है. अब वो चाहे भी तो बोलेगी कैसे?"

हॉलमधली सभा पाच दिवसांवर होती.

जवाहर चौकात आमच्या खोलीच्या समोरच रझिया आपांचं बांगड्यांचं आणि साजशृंगाराच्या सामानाचं दुकान होतं. मी तिथे पूर्वी कधी पाय ठेवला नव्हता, तत्त्व म्हणून. आपा पन्नाशीच्या, नाकात चमकी, आणि गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन बांगडी चढवताना त्याच्याकडून घरची सगळी हकीकत काढून घेणाऱ्या. मी गेले तेव्हा त्या एका बाईच्या बांगड्या कागदात गुंडाळत होत्या. कागद माझा होता. 'रंगलेले ओठ काय मा' एवढं दिसत होतं.

"आपका ही है ना?" त्या म्हणाल्या. "कागज अच्छा है. चूड़ी टूटती नहीं."

मी जे सांगायचं ते सांगितलं. पत्रक, आई, टेप, सगळं. त्यांनी मध्ये एकदाही "हाय अल्ला" म्हटलं नाही, याबद्दल मी त्यांची आजही ऋणी आहे. त्यांनी काउंटरवर तीन-चार नळ्या आणि डब्या मांडल्या. मी पहिलीच उचलली. पुदिन्याची होती, लावली की गार वाटायची. "ये नहीं," त्यांनी ती हातातून काढून घेतली. "अच्छे ओंठ पे ठंडा लगेगा, फटे पे मिर्ची. और ये गाढ़ी लिपस्टिक भी नहीं, और सुखाएगी. मोम वाला चाहिए, जो ऊपर बैठा रहे और अंदर का पानी उड़ने न दे. खुशबू कम. तुम्हारी अम्मा दिन भर वार्निश सूँघती हैं, ऊपर से गुलाब का इत्र क्यों सुँघाओगी?"

"मग बिनरंगाचं द्या," मी म्हटलं.

"अम्मा कौन सा लगाती थीं?"

"गुलाबी."

"तो तुम कौन होती हो बेरंग करने वाली?"

एवढी पत्रकं लिहिली, पण मला इतक्या कमी शब्दांत कुणी गप्प केलं नव्हतं.

"रंग ऐसा लो कि लगाया है ऐसा लगे नहीं, और न लगाओ तो कमी लगे," त्या म्हणाल्या. "निचले ओंठ के अंदर जो रंग होता है ना, उससे एक पाव ज्यादा. बताओ, अम्मा के ओंठ का रंग क्या है?"

मला सांगता येईना. तिच्या ओठांवरच्या चिरा मला आता आठवत होत्या, रंग आठवत नव्हता. एकोणीस वर्षं त्या तोंडातून माझं नाव ऐकलं होतं. आपांनी डब्या परत आत ठेवल्या. "जाओ, देख के आओ."

मग दोन दिवस मी आईला बघितलं. ती माझ्याशी कामापुरतं बोलत होती, त्यामुळे चोरूनच बघावं लागलं. भाकरी थापताना, केस विंचरताना, खिडकीत धोब्याचे कपडे मोजताना. दुसऱ्या दिवशी तिनं आमसुलाचं सार केलं होतं. ती वाटीतून चव बघत होती, खिडकीतून ऊन येत होतं आणि मला एकदम दिसलं. तिच्या ओठांचा रंग साराचाच होता, म्हणजे आमसूल पाण्यात टाकल्यावर पहिल्यांदा जो उतरतो तो. जांभळट, तळाला लाल. गुलाबी तर नव्हताच. इतके दिवस ती चुकीचा रंग लावत होती, बिचारी, मिळेल तो.

आपांना आमसूल सांगून कळेना. मी हातवारे करू लागले. शेवटी त्या म्हणाल्या, "जामुन का शरबत? पानी ज्यादा पड़ गया हो, वैसा?" हो, तसाच! त्यांनी वरच्या फळीवरून त्या रंगाची एक नळी आणि एक चपटी डबी काढली आणि रंग माझ्या बोटाच्या टोकावर लावून उन्हात धरला. "कलाई पे मत देखना, वहाँ सब रंग अच्छे लगते हैं. उँगली का सिरा ओंठ के पास का रंग है." नळी नको, डबीच द्या, हे मात्र मी सुचवलं. एकीच्या ओठांवरून दुसरीच्या ओठांवर नळी फिरण्यापेक्षा बोटानं घेतलेलं बरं. "चलो, कुछ तो दिमाग है," आपा म्हणाल्या आणि डबी माझ्याच पत्रकात बांधून दिली. मी तो कागद वाटेत काढून टाकला.

आई कणीक मळत होती. मी डबी ओट्यावर ठेवली आणि म्हटलं, "मी विचारायला हवं होतं." तिनं हात धुतले, डबी उघडली, वास घेतला, रंग बघितला. बराच वेळ बघितला.

"हा कुणी निवडला?"

"मी. तुझ्याकडे बघून."

तिनं डबी उजेडात धरली. मग मी हिंमत केली. "आई, पण रंग का?" या वेळी उत्तर आधीच लिहून आणलेलं नव्हतं. खरंच माहीत नव्हतं.

"दिवसभर तोंडात ती टेप असते," ती म्हणाली. "शेजारणीला हाक मारायची तरी टोक सोडावं लागतं. तेव्हा ते तोंड कारखान्याचं. भोंगा झाला की मला कळायला नको का, की आता माझं आहे?" तिनं डबी बंद केली. "तूप लावून ते कळत नाही."

"मग बोलशील साहेबांसमोर?"

"ज्या बायकांना तू कागद वाटलास, त्या माझ्यामुळे मान खाली घालून बसल्यात. त्यांच्यासमोर आधी तू बोल. आणि पत्रक काढू नकोस. तोंडानं सांग."

दुसऱ्या दिवशी सुटीच्या भोंग्याला मी फाटकाशी लेडीज बसमध्ये चढले. चाळीस बायका. ड्रायव्हर मिशीतल्या मिशीत हसत होता. मी मधल्या दांड्याला धरून उभी राहिले आणि म्हटलं, "मैंने गलत लिखा था. पूछा नहीं था. माफ करो." मागून दाक्षायणी अम्मा ओरडल्या, "अरे! ये तो बिना कागज के भी बोल लेती है!" बस हसली. शकुन मावशीनं माझ्या हातातली डबी ओढून घेतली, करंगळीशेजारच्या बोटानं थोडं घेतलं, ओठांवर टेकवलं आणि डबी मागे दिली. ती सीटवरून सीटवर गेली. बरखेड्याच्या वळणावर ती आईकडे आली, आणि आईनं लावून ती माझ्यापुढे धरली. मी तोवर ओठांना कधी काही लावलं नव्हतं, तत्त्व म्हणून. मी बोट बुडवलं.

माझी भाची हल्ली फोनवर ओठांच्या मलमांच्या जाहिराती दाखवून विचारते, यातलं कुठलं घेऊ. चोवीस तास ओलावा, सात दिवसांत नवे ओठ! माझ्यातली पत्रकवाली अजून मेलेली नाही, मी आधी अर्धा तास त्या जाहिरातीला शिव्या देते. मग सांगते: झोंबणारं नको, वासाचं नको, बोटाच्या टोकावर उन्हात बघ. रझिया आपांचंच सांगते, दुसरं मला काही येत नाही.

सभेला बाहेरच्यांना प्रवेश नव्हता. मी कॅंटीनच्या मागच्या खिडकीशी, भांडी घासायच्या जागेपाशी उभी राहिले. आईनं माझी चार पानं नेली होती. तिनं त्यांची घडीही उघडली नाही. पाळणाघराचं तिनं आपल्या त्या इस्त्रीच्या मराठी वळणाच्या हिंदीत सांगितलं. कुणाचं मूल कुठे असतं, किती वेळ असतं, नावानिशी. आवाज मोठा नव्हता, पण ओठ दुखत असलेल्या माणसाचा तो आवाज नव्हता. साहेब म्हणाले, विचार करू. मग उठता उठता, उपचार म्हणून, "और कुछ?"

"जी, एक चीज और," आई म्हणाली. माझ्या पानांत दुसरं काही नव्हतं. मी खिडकीच्या गजाला घट्ट धरलं. "हर स्टैंड पे एक चिमटा लगवा दीजिए. टेप का सिरा पकड़ने के लिए. अभी मुँह से पकड़ते हैं."

साहेब परत खुर्चीत बसले. त्यांना बहुधा ते माहीत नव्हतं. मलाही आठवड्यापूर्वी माहीत नव्हतं, त्यामुळे त्यांना बोलायचा मला अधिकार नाही.

पाळणाघर पुष्कळ चिवटपणानंतर मिळालं. दवाखान्यामागची खोली, आणि त्यात पाळणे. चिमटे मात्र पंधरवड्यात लागले, कारखान्यातल्याच पत्र्याचे. होळीपर्यंत आईचे ओठ पूर्ण भरून आले. ती लोणचं पोळीत न गुंडाळता खाऊ लागली. एका रविवारी बाबा साताऱ्याच्या आजीच्या पत्राची नक्कल करत होते आणि आई हसली, तोंडावर हात न ठेवता, जलेबीचा पाक हनुवटीवर येईपर्यंत. पुढचा तिचा एक दात किंचित वाकडा होता. तो मी तेव्हा पहिल्यांदा बघितला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी स्टॉपवर गेले होते. बस आली, बायका उतरल्या. आता कुणाचे ओठ फुटलेले नव्हते, औषधाची गरज कुणालाच उरली नव्हती. आई सगळ्यात शेवटी उतरली. तिच्या ओठांवर आमसुलाच्या पहिल्या पाण्याचा रंग होता. "डबी संपत आलीय," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी जवाहर चौकाकडे जाणाऱ्या बसची वाट बघत उभ्या राहिलो.